चेण्यानंतर भौतिकशास्त्र

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी भौतिकशास्त्राचे तीन प्राध्यापक मीरा रोडच्या शांती नगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उभ्या गाडीत, काचा वर करून बसले होते. इंजिन बंद होतं. गाडी आमची होती आणि तिघांपैकी एक माझी बायको होती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींनी विचारलं, "बी विंग के नीचे सफेद गाडी में कौन लोग बैठे हैं, किसी को मालूम है?" कुणी उत्तर दिलं नाही. मला मालूम होतं, पण ते एका मेसेजात मावणारं नव्हतं.

बायको घोडबंदर रोडच्या पलीकडे, ठाण्याच्या बाजूला असलेल्या एका विद्यापीठात शिकवते. तिचा विषय पातळ थर. काचेच्या तुकड्यावर धातूच्या ऑक्साइडचा केसापेक्षा कितीतरी पातळ थर चढवायचा, तो हळूहळू तापवायचा आणि त्यातून वीज कधी जायला लागते ते मोजायचं. तिची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर लेझरवाले बसतात, दुसऱ्यावर थिअरीवाले. मजल्यामजल्यांत भांडण नाही, पण येणंजाणंही नाही. पहिल्या मजल्यावरच्या माणसाने दुसऱ्या मजल्यावर जायचं तर काहीतरी कारण लागतं आणि ते जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं.

गाडीतले दुसरे गृहस्थ दुसऱ्या मजल्यावरचे. मूळ रत्नागिरीचे, तेव्हा आमच्याच भागात राहणारे, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, कागद आणि पेन एवढ्यावर काम करणारे. त्यांना सगळे सर म्हणतात, घरी त्यांची बायकोही. तिसरी भाईंदरची, गुजराती घरातली, वयाने सगळ्यांत लहान. ती कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करते आणि तिला जागा नसल्याने तळमजल्यावर लेझरवाल्यांच्या स्टोअररूमशेजारी बसवलेलं आहे. विभागात ती माझ्या बायकोला मॅडम म्हणते. गाडीत बसलं की दीदी. त्या हिशेबाने मी जीजू.

बरीच वर्षं हे तिघं आमच्या गाडीतून जात होते. बायको चालवायची. सरांचे गुडघे दुखतात म्हणून ते पुढे, लॅपटॉप असतो म्हणून ती मागे. माझी ड्यूटी वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुपारी सुरू होते. कधी ठाण्यात काम निघालं तर मीही मागे बसून गेलेलो आहे, त्यामुळे पुढची माहिती ऐकीव नाही.

गाडी गेटबाहेर पडली की पाण्याचा विषय निघायचा. कुठल्या विंगला पाणी आलं, कुठे शटडाउन आहे, टँकरवाल्याने फोन उचलला का. काशीमिरा मागे पडेपर्यंत हेच. चेणे आलं की इमारती संपतात, डोंगर सुरू होतात आणि पाण्याचा विषयही संपतो. तिथून गायमुखच्या घाटापर्यंत रोजची कोंडी. त्या पट्ट्यात भौतिकशास्त्र चालायचं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण चेण्याच्या आधी कुणी ग्राफ काढल्याचं मला आठवत नाही.

"सर, चेणं आलं," मागून आवाज यायचा.

"आलं का? बरं. मॅडम, तुमचा कालचा ग्राफ चुकलाय."

"चुकलेला नाही. तुम्हाला तो आवडला नाहीये."

"न आवडण्यासारखाच आहे तो."

"सर, तुम्ही तो उलटा धरला होता," मागून.

विभागात हेच सर माझ्या बायकोशी बोलताना खुर्चीतून उठतात.

या पट्ट्यात तिघांचे दोन पेपर झाले. मी पेपरांच्या काळाचा आणि रस्त्याच्या कामांचा ताळा करून पाहिला आहे. घाट खोदला गेला त्या पावसाळ्यानंतर एक पेपर. पुलाचं काम निघालं त्या वर्षी दुसरा. मध्ये रस्ता नवा केला होता आणि काही महिने गाडी न थांबता जात होती. त्या काळात एकही नाही.

हे विभागप्रमुखांना माहीत नव्हतं. ते लेझरवाले. मूल्यांकन समिती यायची होती आणि विभागात आंतरविद्याशाखीय संशोधन होतं हे तिला दाखवायचं होतं. म्हणून त्यांनी एक तक्ता करून घेतला. प्रत्येक अध्यापक म्हणजे एक ठिपका, दोघांनी मिळून पेपर लिहिला असेल तर मध्ये रेघ. तक्ता भिंतीवर लागला आणि विभागाला पहिल्यांदा स्वतःचा चेहरा दिसला. बहुतेक रेघा गाइडकडून त्याच्या जुन्या विद्यार्थ्याकडे जात होत्या. काही रेघा एकाच यंत्राच्या वाटेकऱ्यांमध्ये होत्या. यंत्राची चावी ज्याच्याकडे, त्याच्या ठिपक्यातून जास्त रेघा. दोन ठिपक्यांमधली एक रेघ जाड होती आणि काही वर्षांपूर्वी अचानक थांबली होती. ते दोघे एका एसीवरून बोलेनासे झाले होते. एसी अजून बंद आहे. आणि तिन्ही मजल्यांना छेद देणारा एक त्रिकोण होता.

प्रमुखांनी बायकोला बोलावून विचारलं, "मॅडम, यामागचं सूत्र काय?"

"सर, घोडबंदर रोड."

समितीला दिलेल्या अहवालात या त्रिकोणाचा उल्लेख 'स्थानिक परिसराशी निगडित सहयोग' असा आहे.

आता गेल्या वर्षीचं. विभागात प्रोफेसरची एक जागा निघाली. अशी जागा सहसा निघत नाही. पुढची निघेपर्यंत बायको निवृत्तीच्या दारात पोचली असती. मागच्या वेळी निघाली तेव्हा तिचा अर्ज एका पेपरने कमी पडला होता आणि जागा बाहेरून आलेल्या गृहस्थांना मिळाली होती. या वेळीही पेपर एकच कमी होता. तो लिहून झाला होता, तिघांच्या नावाने पाठवलाही होता. अर्जाची मुदत मार्चअखेर होती. त्याआधी पेपर स्वीकारला गेला तर अर्ज पूर्ण, नाही तर नाही.

जानेवारीत परीक्षकांचे शेरे आले. एकाला सगळं पसंत होतं. दुसऱ्याचे दोन प्रश्न होते. पहिला साधा होता, आकृती नीट काढा असा. दुसरा असा: बायकोच्या प्रयोगात थर ज्या तापमानाला वीज जाऊ देतो, ते सिम्युलेशनमधल्या तापमानापेक्षा कमी आहे, थिअरी सिम्युलेशनच्या बाजूने आहे, तर मग यातलं खरं काय? याचं उत्तर मिळाल्याशिवाय पेपर पुढे जाणार नव्हता. आणि ते एकट्या कुणाला देता येणार नव्हतं, कारण प्रश्न तिघांच्या मधल्या जागेबद्दल होता.

त्याच आठवड्यात सरांना ठाण्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. हा फ्लॅट त्यांनी इतक्या वर्षांपूर्वी बुक केला होता की गाडीत तो थट्टेचा विषय होता. "सर, तुमच्या फ्लॅटला रिटायरमेंट मिळेल, ताबा नाही मिळणार," असं मागच्या सीटवरून नेहमी ऐकू यायचं. ताबा मिळाला. सरांनी पेढे वाटले. नवं घर विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. ते सोमवारपासून चालत जाऊ लागले.

बायकोने सांगितलं की काही बिघडलेलं नाही, आता विभागातच बसून काम करता येईल.

ती दुसऱ्या मजल्यावर गेली. सर उठून उभे राहिले.

"या मॅडम. बसा. चहा?"

चहा आला. सरांनी प्रश्न वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "तुमची मोजमापं फारच काळजीपूर्वक केलेली आहेत." बायको खाली आली ती चिडून. गाडीत असते तर त्यांनी मोजमापं चुकलीत म्हटलं असतं आणि काम सुरू झालं असतं.

मग व्हिडिओ कॉल झाला. मी शेजारच्या खोलीत होतो. "सर, तुम्ही बोला." "नाही नाही, मॅडम, तुम्ही." "दीदी, आप बोलो." "सर, तुम्ही म्यूटवर आहात." "मी काही बोललोच नाही." अर्ध्या तासाने सर म्हणाले की त्यांच्याकडे गवंडी आलाय.

पुढच्या रविवारी सगळे आमच्या घरी. मी पोहे केले. सर म्हणाले पोहे छान झालेत. मग आमच्या खिडकीच्या जाळीची चौकशी केली, कारण त्यांना तशी लावायची होती. दुसरा प्रश्न टेबलावर, खोबऱ्याच्या वाटीखाली होता.

सर हात धुवायला गेले तेव्हा तरुण सहकारी हळूच म्हणाली, "दीदी, सामने बैठ के नहीं होगा. गाडीत सरांची मान वळत नाही ना, तुमचं तोंड दिसत नाही. म्हणून ते खरं बोलतात."

"मग काय करूया?"

"गाडीत बसूया."

पार्किंगमधली घटना ती ही. ठरलेल्या जागांवर बसले: बायको स्टिअरिंगमागे, सर पुढे, ती मागे. मी वरून गॅलरीतून पाहत होतो. आत काय झालं ते बायकोने नंतर सांगितलं आणि बाकी दोघांनी वेगवेगळं विचारल्यावर तेच सांगितलं. बसल्याबरोबर पाण्याचा विषय निघाला. आमच्या विंगचं झालं, भाईंदरचं झालं. सरांच्या नव्या सोसायटीत पाणी चोवीस तास होतं, त्यामुळे ते नुसते ऐकत होते. विषय संपेना.

"चेणं येतच नाहीये," बायको म्हणाली.

"आलं असं समजूया ना, दीदी."

"समजून कसं चालेल?" सर म्हणाले. "हे बघा, समोर कुणाची तरी स्कूटर दिसतेय."

तरी पहिला प्रश्न त्यांनी निपटला. दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात काचेवर टकटक झाली. सेक्रेटरी खाली आले होते.

"मॅडम, कुछ प्रॉब्लेम है?"

"नहीं, नहीं. काम चल रहा है."

"गाडी का?"

"फिजिक्स का."

सेक्रेटरींनी तिघांकडे पाहिलं. "घर में लाइट नहीं है क्या?"

त्यानंतर गाडी बाहेर काढायची असं ठरलं. बायकोला लिहून घ्यायचं होतं, म्हणून चालवायला मला बोलावलं आणि ती मागे बसली. काशीमिरा गेलं, चेणे आलं. सरांनी घसा साफ केला. रविवार असल्यामुळे रस्ता रिकामा होता. सरांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत घाट संपला.

"आज रस्त्याला झालंय काय?" सर म्हणाले.

"मोकळा आहे, सर."

"ते दिसतंय."

मी वळवून परत आणली. येतानाही मोकळाच. दुसऱ्या फेरीत सरांनी मला विचारलं की यापेक्षा हळू चालवता येणार नाही का. मी हळू केली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून आमच्याबद्दल त्याचं मत सांगितलं. काम झालं नाही. सरांना आम्ही ठाण्याला सोडलं आणि घरी आलो. फेब्रुवारी अर्धा उरला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेस्कवर वाहतूक विभागाची सूचना आली. गायमुख घाटात डांबरीकरणासाठी मंगळवार सकाळपासून एक मार्गिका बंद राहणार होती. मोठी कोंडी होण्याची शक्यता असल्याने नागरिकांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा, असं आवाहन होतं. ती बातमी मीच लावली. पान पाठवून झाल्यावर बायकोला फोन केला. मंगळवारी माझी साप्ताहिक सुट्टी असते.

"किती मोठी कोंडी?" तिने विचारलं.

"मोठी, असं म्हणतायत."

"सरांना सांगते."

सरांनी त्या दिवशीची तासिका बदलून घेतली आणि सकाळी ठाण्याहून बस पकडून मीरा रोडला आले. बसमध्ये तीच सूचना लोक एकमेकांना वाचून दाखवत होते, असं ते म्हणाले.

चेण्याचा पूल ओलांडला आणि गाडी थांबली. पुढे नजर जाईल तिथवर ट्रक. मी इंजिन बंद केलं. मागे लॅपटॉप उघडला गेला.

"मॅडम," सर समोर बघत म्हणाले, "तुमचा थर फाटका आहे."

"फाटका नाहीये. थर असेच असतात. तुमचं मॉडेल इस्त्री केलेलं आहे."

"मॉडेल नीटनेटकंच असतं."

"मग ते नीटनेटक्या थराला लावा. मी काचेवर चढवते, तुम्ही कागदावर."

"मी काय टाकू?" मागून. "फाटका की इस्त्रीचा? मला दोन्ही एकदम नाही टाकता येत."

"खरा टाक," बायको म्हणाली.

"खऱ्याचा फॉर्म्युला द्या, टाकते."

ट्रकचे ड्रायव्हर खाली उतरून उभे होते. आमच्या डावीकडून बाईक जात होत्या. दोन ट्रकच्या मधून, मग गटाराच्या कडेने, मग पुन्हा मधून. एक गेला, त्याच्यामागे दुसरा. सर त्यांच्याकडे पाहत होते.

"रस्ता बंद आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

"बंद आहे."

"मग हे कुठे चाललेत?"

"त्यांना बंद नाहीये."

सरांनी गुडघ्यावरची पिशवी खाली ठेवली. "मॅडम, सगळा थर बदलेपर्यंत वीज थांबते असं मी धरलं. म्हणजे सगळे ट्रक हलले की रस्ता सुरू. पण तुमच्या थरात काही कण आधी बदलतात. ते एकमेकांना चिकटून एक बारीक वाट झाली, की गेली वीज. बाकीचा थर अजून बंदच."

"म्हणून मला कमी तापमानाला दिसते," बायको म्हणाली.

"म्हणून. तुम्ही बाईकवाल्याला विचारलंत, मी ट्रकवाल्याला."

"आणि मी?" मागून.

"तू फक्त ट्रक मोजलेस."

"तुम्हीच सांगितलं होतं, सर, ट्रक मोज म्हणून."

"सांगितलं असेन. आता बाईक मोज."

पुढे त्यांच्यात जे बोलणं झालं ते माझ्या समजण्यापलीकडचं होतं, त्यामुळे देत नाही. बायको लिहीत होती. लॅपटॉपवर बोटं चालू होती. अशात पुढचे ट्रक हलले. मी इंजिन सुरू केलं.

"थांबा," सर म्हणाले. "एवढं होऊ दे."

मी थांबलो. मागून हॉर्न सुरू झाले. वाहतूक पोलीस चालत आला आणि सरांच्या काचेशी वाकला.

"काय झालं? बंद पडली का?"

"नाही, चांगली आहे."

"मग काढा की पुढे."

"साहेब, पाचच मिनिटं द्या."

"सकाळपासून सगळे मला पुढे सोडा म्हणतायत, आणि तुम्हाला थांबायचंय?"

"थोडं राहिलंय हो."

पोलिसाने मागच्या सीटवर पाहिलं. एक बाई वहीत आकृती काढत होत्या, दुसरी लॅपटॉपवर वाकलेली. "ओ दादा," तो मला म्हणाला, "तुम्ही तरी शहाणे दिसताय. काढा."

मी काढली. घाटात पुन्हा थांबावं लागलं, त्यामुळे काम अडलं नाही.

नवं सिम्युलेशन विद्यापीठातल्या मोठ्या मशीनवर चालवलं. आकडा बायकोच्या मोजमापाजवळ आला. उत्तर पाठवलं. त्यात बाईकचा उल्लेख नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पेपर स्वीकारल्याचं कळलं आणि मुदतीच्या आत अर्ज गेला. पेपरच्या शेवटी आभार आहेत. तांत्रिक साहाय्याबद्दल तिथे एका व्यक्तीचं नाव दिलेलं आहे. ती व्यक्ती गाडी चालवत होती.

विभागप्रमुखांनी हे सगळं ऐकल्यावर एक प्रयोग केला. परिसंवादासाठी पुण्याला जायचं होतं. त्यांनी मिनीबस घेतली आणि प्रत्येक मजल्यावरचा एकेक माणूस शेजारी शेजारी बसवला. बस एक्स्प्रेस वेवर लागायच्या आत बहुतेकांनी कानात हेडफोन घातले आणि उरलेले झोपले. सरांचं म्हणणं पडलं की त्यांनी पाण्यापासून सुरुवात करायला हवी होती.

मुलाखत मे महिन्यात झाली. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी विचारलं, "तिघांचे विषय वेगवेगळे. ही कल्पना सुचली कुठे?"

"गायमुखला," बायको म्हणाली.

"गायमुखला संशोधन केंद्र आहे?"

"नाही सर. रस्ता आहे."

तज्ज्ञांनी ते लिहून घेतलं. नियुक्तीचं पत्र जूनमध्ये आलं. प्रोफेसर म्हणून ती रुजू झाली. प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावरच आहे.

त्या मंगळवारनंतर सरांनी चालत जाणं सोडलं. विद्यापीठ घराजवळ असताना ते सकाळी उलट्या दिशेची बस पकडत आणि चेण्याला उतरत. रस्ता ओलांडून थांब्यावर उभे राहत. आमची गाडी आली की पुढच्या सीटवर बसत आणि कालच्या ग्राफबद्दल बोलायला लागत. मीरा रोडपर्यंत का येत नाहीत, असं तरुण सहकारिणीने एकदा विचारलं होतं. आमच्याकडे पाणी चोवीस तास, चेण्याच्या आधी माझं काय काम, असं ते म्हणाले.

या सोमवारी ते चेण्याला नव्हते. सकाळी बायको गाडी काढायला खाली गेली तेव्हा सर आमच्या गेटवर उभे होते. ठाण्याच्या त्यांच्या सोसायटीत शनिवारपासून पाणी आलेलं नव्हतं.